बाटलीतलं पेट्रोल

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते कुठल्याही लेबलावर विश्वास ठेवत नाहीत. उभी हयात द्राक्षबागेत गेली. दोन औषधं एकत्र फवारायची असली की आधी ती काचेच्या बाटलीत थोड्या पाण्यात घालायची, हलवायची आणि बांधावर ठेवून द्यायची. मिश्रण फाटलं, तळाला गाळ बसला, तर ती जोडी बागेवर जायची नाही. दुकानदार काहीही सांगो. "माणूस खोटं बोलंल, बाटली कशाला बोलंल?" असं ते म्हणत. हा संशयी स्वभाव माझ्यातही पुरेपूर उतरलाय. फरक इतकाच की ते औषधांवर संशय घेतात आणि मी माणसांवर.

बाग आता भाऊ बघतो, पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे. आबा नाशिकला माझ्याकडे असतात. आठवड्यातून एकदोनदा आपली जुनी पांढरी गाडी काढून बागेत जायचं, घड निरखायचे, भावाच्या चुका काढायच्या आणि उन्हं कलायच्या आत परत यायचं, हा त्यांचा नेम. गाडीची किल्ली सदऱ्याच्या खिशात असली की आबा ताठ चालतात. बाकी सगळं त्यांनी मुलांच्या हवाली केलं होतं, किल्ली तेवढी ठेवली होती.

मग गाडीचं तंत्र बिघडलं. ॲव्हरेज पडलं. सिग्नलला उभी राहिली की आचके देऊन बंद पडायची. "पेट्रोलात खोट हाय," आबा म्हणाले. मी मनात म्हटलं, खोट पायात आहे. वय झालं, क्लचवरचा पाय एकदम सुटत असणार. फाटकाच्या खांबाला लागलेला पांढरा रंग मी कधीच बघून ठेवला होता. पेट्रोलात इथेनॉल मिसळतात हे मला माहीत होतं. त्यावर मोबाईलवर रोज एक नवा व्हिडिओ यायचा, एकात इंजिनाची राख व्हायची, दुसऱ्यात देशाचं कल्याण. माझा दोन्हींवर विश्वास नव्हता. आबांच्या पायावर तर नव्हताच.

एका सकाळी आबांनी गाडीतून नळीने पेट्रोल काढलं, बाटलीत ओतलं, त्यात दोन बोटं पाणी घातलं, हलवलं आणि ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळाने मला हाक मारली. तळाचं पाणी चांगलंच वाढलं होतं. वरचं पेट्रोल तेवढंच घटलं होतं.

"मी घातलं ते दोन बोटं. हे जादाचं कुठून आलं? पंपवाले पाणी घालतात म्हणून आलं."

हिशेब बिनतोड होता, आणि आबा बाटली घेऊन पंपाकडे निघाले. त्यांना एकट्याला सोडायची माझी छाती नव्हती, म्हणून मी सोबत गेले. पंपावर क्रेट लादलेल्या टेंपोंची रांग होती. आबांनी सगळ्यांसमोर बाटली वर धरली आणि जाब विचारला. तिथला माणूस शांत होता, असे बाटलीवाले त्याने आधीही पाहिले असावेत.

"बाबा, ते पाणी नाही, इथेनॉल आहे. ते पेट्रोलात मिसळूनच येतं. त्याला पाणी दिसलं की ते पेट्रोल सोडून पाण्यात जातं. म्हणून खाली वाढलेलं दिसतं."

"इथेनॉल म्हंजे काय?"

"उसापासून, मक्यापासून करतात. अल्कोहोलच."

"म्हंजे माझ्या गाडीला तुम्ही दारू पाजता."

रांगेतले टेंपोवाले हसले. आबांनी बाटली पिशवीत घातली. परतताना गाडी दोनदा बंद पडली आणि मागून हॉर्न वाजत राहिले. घरी आल्यावर मी हात पुढे केला, म्हटलं, "आबा, किल्ली द्या. काही दिवस राहू द्या." त्यांनी दिली. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ते गॅलरीत बसू लागले. भावाने बोलावलं तर म्हणायचे, "बघू." सदऱ्याच्या खिशाकडे हात जायचा आणि रिकामाच परत यायचा. माझा जीव तुटायचा, पण किल्ली पर्समधून काही मी काढली नाही.

पुढच्या आठवड्यात माझी स्कूटर नादुरुस्त होती, म्हणून आबांची गाडी घेऊन निघाले. नाशिकच्याच द्वारका चौकात ती माझ्याच हाताखाली आचका देऊन बंद पडली. गाडी न्यूट्रलमध्ये होती, पाय क्लचवर नव्हता. मी खाली वाकून पाहिलंसुद्धा.

गॅरेजमध्ये पेट्रोलची रबरी नळी खराब निघाली. फुगलेली, बोटाने दाबली तर चिकट. तिचे कण फिल्टरमध्ये अडकले होते. जुन्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी केलेलं नसतं, असं गॅरेजवाला म्हणाला. नळी आणि फिल्टर बदलले. ॲव्हरेज मात्र पहिल्यासारखं यायचं नाही, तेवढं धरून चाला, म्हणाला.

संध्याकाळी मी किल्ली आबांच्या हातात ठेवली. "खोट पेट्रोलातच होती. तुमच्या पायात नव्हती."

"बाटली खोटं बोलत नाय," ते म्हणाले, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बागेकडे निघालो. आबा चालवत होते. गाडी एकदाही अडखळली नाही. मी त्यांच्या पायाकडे चोरून बघत होते, क्लच स्वच्छ सुटत होता. मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. हायवे सोडून आत वळलो आणि डावीकडच्या शेतातून कांद्याची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर रस्त्यावर येताना दिसला. मला वाटलं, आबा वेग कमी करतील. ते करेनात.

"आबा, ट्रॅक्टर."

ब्रेक लागला तेव्हा ट्रॉलीचं फाळकं आमच्या काचेसमोर होतं. ट्रॅक्टरवाला शिवी हासडून निघून गेला. आमचं इंजिन शांतपणे चालू होतं.

"हा कुठून आला गं?" आबांनी विचारलं.

"डावीकडून. लांबूनच दिसत होता."

 त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"आता पेट्रोलाचं नाव घेता यायचं नाय," ते म्हणाले.

खाली उतरून, बॉनेटवर हात ठेवत ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. इतके दिवस मला हेच हवं होतं. आबा बाहेर उन्हात थांबले होते आणि मला दार उघडवेना.