फिदेमावशीची दहा बोटं

फिदेन्सियाला रिकामं बसणं माहीतच नव्हतं. बसच्या प्रवासातसुद्धा कुणाची वेणी घालून दे, कुणाच्या शालीची उसवलेली शिवण घाल, असं काही ना काही चालायचं. अशा बाईला मोंतेर्रे शहरातल्या एका लॉजमध्ये हातांत पायमोजे चढवून दोन दिवस खाटेवर बसवून ठेवलं, तेव्हा बरोबरच्या पाच जणींना हसावं की रडावं ते कळेना. पण ते मोजे का चढवावे लागले, ते आधी सांगायला हवं.

इदाल्गोच्या डोंगरातली ही बाई. नवरा अबुंदियो छपरावरून पडला आणि पाठ धरून बसला, तेव्हा हिचं वय अडतीस, पदरात दोन मुली. गावातल्या माक्रिनाकडे सरहद्दीपलीकडून, मेरीलँडच्या एका बेटावरच्या खेकडेवाल्या मालकाचा फोन यायचा, इतक्या बायका पाठव म्हणून. माक्रिना यादी करायची. त्या यादीत फिदेन्सिया शिरली ती एकोणीस मोसम त्या बेटावर जात राहिली. एप्रिलला जायचं, थंडी पडली की परत. वाफवलेल्या खेकड्यांचा ढीग टेबलावर ओततात, बायका चाकूनं कवच उघडून पांढरं मांस काढतात आणि डब्यात भरतात. मजुरी वजनावर. पहिल्या दिवशी तिला पाव डबासुद्धा भरता आला नव्हता. शेजारी बसलेली मिस आर्नेल, बेटावरचीच काळी म्हातारी, हिची भाषा तिला येत नव्हती, तिची हिला नव्हती. म्हातारीनं सरळ हिच्या हातावर आपला हात ठेवला आणि चाकू फिरवून दाखवला. पुढे फिदेन्सियाचा हात असा बसला की मिस आर्नेल डब्यात डोकावून मांस कुणी काढलंय ते ओळखायची.

मुली शिकल्या, अबुंदियोची पाठ बरी-वाईट चालली, घराला सिमेंटचं छप्पर आलं. आणि मागच्या वर्षी सगळं अडलं.

तिकडे मोसमी कामाला जायला व्हिसा लागतो, आणि त्या व्हिसांची सोडत निघते. हो, सोडत! जत्रेतल्या बक्षिसासारखी. मालकाचा नंबर लागला तर बायका जाणार, नाही लागला तर नाही. बाईला दुसरा मालक धरता येत नाही, कारण व्हिसा त्या एकाच मालकाच्या नावाचा. मागच्या वर्षी नंबर लागला नाही. मालकानं रस्त्यावर पाटी लावली, 'माणसं पाहिजेत'. तिघं आली. एक जेवायच्या सुट्टीत गेला तो परतलाच नाही, दुसरी दोन दिवसांत बोटं बांधून घरी बसली, आणि तिसरा नुसता पंख्याखाली बसायला येत होता. मिस आर्नेल एकटी सोलून सोलून किती सोलणार? जूनमध्ये मालकानं दाराला कुलूप लावलं. आणि मग टीव्हीवर साहेब लोक गळा काढतात, माणसं मिळत नाहीत हो! इतक्या मजुरीत बोटं कापून घ्यायला कोण येईल? जी येते तिला तुम्ही दारात अडवता, वर पुन्हा माणसं नाहीत म्हणून रडता. डोकं ठिकाणावर आहे का यांचं!

असो. घरी बसून पोट भरत नाही. फिदेन्सियानं तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, विकायला काढल्या. मका चुन्याच्या पाण्यात उकडायचा, भिजवायचा, हातानं चोळून साल काढायची. रोज पहाटेपासून दोन्ही हात चुन्यात. वर्षभरात तळव्यांची सालं निघाली, बोटं गुळगुळीत झाली. तिचं लक्षही नव्हतं. बाईमाणूस आपली बोटं कधी बघतं?

यंदा नंबर लागला. माक्रिनानं फोनवर नुसतं "लागला!" म्हटलं आणि फिदेन्सिया तिथेच मक्याच्या टोपल्यावर बसली.

आता मोंतेर्रेला व्हिसाच्या ऑफिसात जायचं. खेकडेवाल्या बायकांची तिथे एक रीत आहे. साहेबाला हाताचा वास येऊ नये म्हणून जायच्या दिवशी सकाळी लिंबू आणि मीठ लावून हात घासायचे. सहा-सहा महिने खेकड्याला हात लागलेला नसतो, वास कुठून येणार? पण रीत ती रीत. फिदेन्सिया तर मोठी स्वच्छतेची भोक्ती. एक वर्ष चुकलंय, या वेळी काही कमी पडायला नको, म्हणून तिनं लिंबू-मीठ झाल्यावर टाचा घासायचा दगड घेतला आणि बोटं लाल होईपर्यंत घासली.

खिडकीतल्या मुलीनं ठसे घ्यायच्या काचेवर बोटं ठेवायला सांगितलं. दिवा लाल. काच पुसली, पुन्हा लाल. अंगठे, लाल. मुलीनं तिचे हात उलटेपालटे करून बघितले.

"बाई, तुमच्या बोटांवर काहीच नाहीये."

"धुऊन आलेय ना," फिदेन्सिया म्हणाली.

"धुण्याचं नाही हो. ठसेच उमटत नाहीत. गुरुवारी परत या."

बाकीच्या पाच जणींचं काम झालं होतं. बस शुक्रवारी सुटणार होती. माक्रिनाला फोन लावला तर ती म्हणाली, "फिदे, मी तुला खोटं सांगणार नाही. गुरुवारी जमलं नाही तर तुझ्या जागी दुसरीला घालावं लागेल. मालकाला टेबल भरलेलं पाहिजे." फिदेन्सियाला पुढचं सांगायची गरज नव्हती. यादीतून नाव गळालेली बाई पुन्हा आत आलेली तिनं एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि हिचं वय आता अठ्ठावन्न.

ती लॉजवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. "माझ्याच हातांनी केलं मी," एवढंच म्हणत होती.

त्या पाच जणींतली तिच्या बहिणीची मुलगी नोएमी मोठी खमकी. ती खाली जाऊन डुकराच्या चरबीची वाटी आणि मोज्यांचा जोड घेऊन आली. "ऊठ मावशी. लॉजवाली म्हणते, चरबी लावून झाकून ठेवायचे, कशाला हात लावायचा नाही. कातडी परत धरते."

"आणि जेवू कशी?"

"आम्ही काय मेलोय?"

मग सुरू झाला तो तमाशा. पाच जणी आळीपाळीनं फिदेन्सियाला भरवायच्या. बीन्स हनुवटीवरून गळायचे. "तिखट कमी आहे," ही तोंड भरलेलं असताना कुरकुरायची. "नवरीचे नखरे बघा!" त्या म्हणायच्या. नाकाला खाज सुटली की ती ओरडायची आणि कुणीतरी धावत जाऊन खाजवायचं. "डावीकडे गं! ते उजवं झालं!" एकदा नोएमीची पाठ वळलेली बघून तिनं मोजा काढून तिचा सदरा घडी करायला घेतला, तर नोएमीनं असं झापलं की सगळा मजला गोळा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नोएमी तिचे केस विंचरत होती. फिदेन्सियाला एकाएकी रडू फुटलं.

"दुखलं का?"

"नाही गं. आई गेल्यापासून कुणी विंचरले नव्हते." तिनं मोज्यानंच डोळे पुसले आणि चरबी गालाला लागली.

नोएमीनं ती पुसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मावशी, एवढं सगळं कशासाठी? तू गेलीस तेव्हा जी मजुरी होती, ती आज कितीशी वाढलीय? आपल्यावाचून त्यांचं कुलूप लागतं, मग वाढवून का नाही मागायची?"

"माग ना. मागितलीस की पुढच्या वर्षी यादीत दुसरी नोएमी." फिदेन्सिया म्हणाली. "आणि दिली वाढवून, तर त्यांच्याच पोरी येतील त्या टेबलावर. मग आपण कुठे बसायचं?"

"म्हणजे कमी देतात म्हणून आपलं भलं?"

"भलं कसलं गं. जागा आहे, एवढंच." हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला, आणि तिनं नोएमीला वेणी नीट घट्ट घालायला सांगितलं.

गुरुवारी सगळ्या जणी तिच्याबरोबर निघाल्या. दार उघडायला एक, कागद धरायला दुसरी. लिंबाचं तर कुणी नावही काढलं नाही. खिडकीशी नोएमीनं मोजे ओढले, रुमालानं चरबी टिपली आणि मागे सरकली. डाव्या हाताची चार बोटं काचेवर गेली. लाल. फिदेन्सियानं मागे वळून नोएमीकडे बघितलं.

"घाबरू नका, दाबा जरा," मुलगी म्हणाली. तीच मुलगी होती. तिनं खिडकीतून हात बाहेर घालून आपला तळवा फिदेन्सियाच्या बोटांवर ठेवला आणि दाबला.

हिरवा.

मग उजवी चार. हिरवा. अंगठ्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला, पण तेही उमटले. "झालं, बाई," मुलगी हसली. मागे पाच जणींनी अशी आरोळी ठोकली की पहारेकरी धावत आला. बाहेर फुटपाथवर फिदेन्सियानं पहिलं काय केलं असेल, तर दोन्ही हातांनी स्वतःचं नाक खसाखसा खाजवलं. मग एक संत्रं घेऊन स्वतः सोललं आणि सगळ्यांना एकेक फोड दिली.

सोमवारी ती बेटावर होती. कुलूप निघालं होतं, टेबलं धुतली होती, वाफेचा तोच वास. मिस आर्नेल टेबलाच्या टोकाला आपल्या जागी बसलेली. गेल्या वर्षात ती निम्मी झाली होती. तिनं फिदेन्सियाचे दोन्ही हात हातात घेतले, बोटं उलटून बघितली, आणि एवढी मऊ बोटं बघून तिला हसूच आवरेना. मग तिनं चाकू पुढे सरकवला.

पहिला ढीग ओतला गेला. एका वर्षात फिदेन्सियाचा हात जरा विसरला होता. तिसऱ्याच खेकड्याच्या कवचाची धार तर्जनीच्या टोकावर बसली आणि रक्त आलं.

"मावशी, बोटं जप गं!" समोरून नोएमी ओरडली.

फिदेन्सियानं बोट तोंडात घातलं, चोखलं आणि पुढचा खेकडा उचलला. "आता कशाला जपू?" ती म्हणाली. "आत आलेय ना."

संध्याकाळपर्यंत तिचे सगळ्यांत जास्त डबे भरले होते, आणि दहापैकी चार बोटांना पट्ट्या होत्या.