बोर्डापुढचा सलाम

माझ्या मावशीच्या यजमानांइतका सलाम करण्यात वाकबगार माणूस निजामाच्या उभ्या मुलखात दुसरा झाला नसेल, आणि त्या सलामानं त्यांच्याइतकं कुणाचं वाटोळंही केलं नसेल. ते तहसील कचेरीत चपराशी होते. चपराशी म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे स्टुलावर पेंगणारा माणूस येतो. काका अख्ख्या नोकरीत कधी स्टुलावर बसले नाहीत. आत साहेब बसलेले असताना बाहेर आपणही बसणं म्हणजे साहेबांशी बरोबरी, असं त्यांचं मत. साहेब दौऱ्यावर गेले तरी हे उभेच. "सायब न्हाईत, पर खुर्ची हाय ना," म्हणायचे, आणि सकाळी दार उघडल्याबरोबर त्यांचा पहिला सलाम त्या रिकाम्या खुर्चीला पडायचा. सलामाच्या प्रतीसुद्धा त्यांनी ठरवून टाकल्या होत्या. पटवाऱ्याला नुसती मान. गिरदावराला, म्हणजे पटवाऱ्याच्या वरच्या साहेबाला, हात छातीपर्यंत. तहसीलदाराला कपाळापर्यंत. आणि तालुकदार, म्हणजे आजचे कलेक्टर, आले तर कमरेत वाकून हात जमिनीपासून वर आणायचा, आणि तो आणताना छातीवरच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला वाजता कामा नये. सरकारी कागद कुणी वाचायला घेतला की ते उठून उभे राहत. एकदा मी खोडी म्हणून माझ्या मित्राची लग्नपत्रिका 'सरकारातून आलीय' असं सांगून वाचायला घेतली, तर पुढ्यातलं ताट सोडून ते उठले आणि वधूवरांची नावं येईपर्यंत ताठ उभे होते. पुढं आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेरीत उर्दूच्या जागी मराठी कागद फिरू लागले आणि नवे साहेब आले. हे साहेब साधे होते, हात जोडून नमस्कार करणारे. काकांची मोठीच पंचाईत झाली. "सायबच चपराशाला हात जोडायलाय. मंग कचेरी चालायची कशी?" असं ते मला पोटतिडकीनं विचारत. एका तरुण तहसीलदारानं त्यांना प्रेमानं सांगितलं की, बाबा, आता सलामाची गरज नाही, आपण सगळे सारखेच. काकांना वाटलं, आपल्याला नोकरीवरून काढलं. घरी येऊन ते तोंड फिरवून निजले. दोन वेळा जेवले नाहीत, तेव्हा मावशी पदर खोचून कचेरीत गेली आणि साहेबांना म्हणाली, "सायब, त्यास्नी सलाम करू द्या. तुमचं काय जातंय? न्हाईतर हे मानूस जेवनार न्हाई." साहेब हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून सलाम पुन्हा सुरू झाला.

तो सलाम बंद पडला त्याला कारण जुनं दफ्तर झालं. उर्दू कागदांनी गच्च भरलेलं एक सागवानी कपाट जिल्ह्याला पाठवायचं होतं. चौघांनी उचलायचं ते, पण दोघे विडी ओढायला गेले आणि काकांना धीर निघाला नाही. कपाट उजव्या खांद्यावर आलं. हाड जुळलं, पण हात मेला. बोटं हलत, मूठ अर्धीमुर्धी वळे, मात्र खांद्यापासून हात नुसता लोंबत राहिला. काका नोकरीचं गाव सोडून बोरीला आमच्या शेजारी राहायला आले. तेव्हा मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. त्यांचं पहिलं दुःख मला जेवताना कळलं. ते भिंतीकडे तोंड करून जेवत. डाव्या हातानं खाताना कुणी बघू नये म्हणून. लग्नाच्या पंगतीला तर त्यांनी जाणंच सोडलं. "पोट बिघडलंय," एवढंच सांगायचे, आणि गावात ज्याच्या त्याच्या लग्नात काकांचं पोट बिघडलेलं असे.

आता सगळा प्रश्न वजीफ्याचा होता. वजीफा म्हणजे पेन्शन. कचेरीचं पत्र आलं, काकांनी ते अर्थातच उभं राहून ऐकलं. परभणीला डॉक्टरांचं बोर्ड बसणार, ते तपासणार. काम करायला नालायक ठरले तर जन्मभर वजीफा. लायक ठरले तर पुन्हा नोकरीवर हजर व्हायचं आणि टपालाची थैली घेऊन गावोगाव फिरायचं, आणि ते झेपलं नाही तर रिकाम्या हातानं घरी. काकांना मूलबाळ नव्हतं, जमीन नव्हती. मावशी दुसऱ्यांच्या रानात रोजानं जायला लागली होती आणि तिचे गुडघे कुरकुरत होते. दोघांचं म्हातारपण त्या एका कागदावर होतं.

म्हणून मी काकांची शिकवणी घेतली. शाळा सुटली की मी ओट्यावर बसायचो. मी डॉक्टर, काका उमेदवार. "सदऱ्याची बटणं लावता येतात का?" मी विचारी.

"येतात."

"काका! येत नाहीत. मावशी लावते."

"बायको बटनं लावती आसं परक्या मानसाला सांगू व्हय?"

"सांगायचं. बरं, जेवण कोणत्या हातानं करता?"

आतून मावशीचा आवाज यायचा, "सांगा की! भाकर मी चुरून देते म्हनून सांगा! लाज वाटायलीय तर मीच येते बोर्डापुढं!" मग काकांचे कान लाल होत आणि त्या दिवसाची शिकवणी तिथंच संपे. दीड महिना आम्ही हे केलं. अखेरीस ते पाठ केल्यासारखं, जमिनीकडे बघत, "डाव्या हातानं जेवतो, धोतर बायको नेसवती," असं म्हणू लागले. ते ऐकताना मलाच कसंतरी होई. आपण या माणसाला काय शिकवतोय, असं वाटे. पण वजीफा हवा होता. सलाम मात्र त्यांनी मला एकदाही केला नाही. मी आठवण केली तर म्हणाले, "तुला कशाला? तू काय खरा सायब हाईस?" मला ते बरंच वाटलं. हात उठतच नाही, तर सलामाचा विषय कशाला, असं मी धरून चाललो होतो.

बोर्डाच्या दिवशी आम्ही पहिल्या मोटारीनं निघालो. मावशीनं त्यांची दाढी करवून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता, डोक्याला रुमाल बांधून दिला होता. मी म्हटलं, जरा मळकं जाऊ द्या, दयेचं दिसू द्या. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वाटेतलं झरी गाव येईपर्यंत तोंड उघडलं नाही. परभणीत एका सरकारी बंगल्यात बोर्ड बसलं होतं. टेबलामागं तीन डॉक्टर. मला दारापाशी उभं राहू दिलं. काकांचं नाव पुकारलं. काका आत गेले, टेबलापासून चार पावलांवर थांबले, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा तो मेलेला उजवा हात हलला. आधी खांदा वर आला, मग कोपर, मग थरथरत पंजा, आणि तो थेट कपाळाला टेकला. पूर्ण, तहसीलदारी सलाम. मधले डॉक्टर हसले आणि म्हणाले, "वा! हात तर तुमचा चांगला चालतो की."

"हुजुरांची मेहरबानी," काका म्हणाले.

पुढं बटणांचं, जेवणाचं त्यांनी सगळं पाठ केल्याप्रमाणे सांगितलं, पण आता ते ऐकतंय कोण? कागदावर लिहिलं गेलं, कामास लायक.

बाहेर आले तेव्हा काका घामानं न्हाले होते आणि खालच्या ओठातून रक्त येत होतं. दात रोवून त्यांनी ती कळ सोसली होती. चेहरा मात्र असा उजळला होता की मी तसा कधी पाहिला नव्हता. "बघितलास का मास्तर? कपाळापर्यंत गेला!" मला राग आवरला नाही. भर रस्त्यात मी ओरडलो, "वजीफा गेला, काका! काय केलंत हे तुम्ही?" त्यांनी डाव्या हातानं ओठावरचं रक्त पुसलं. मग हळूच म्हणाले, "सायबाकडं मागायला जायचं, आन् सलाम न्हाई करायचा? आसं कुठं आसतंय का रे? आन् डाव्या हातानं केला आसता तर ती शिवी झाली आसती." घरी आल्यावर मावशीकडून उरलेलं कळलं. रोज पहाटे ते घरामागच्या रिकाम्या गोठ्याचं दार लावून घेत. आढ्यावरून विहिरीचं चऱ्हाट टाकत, एक टोक उजव्या मनगटाला बांधत आणि डाव्या हातानं दुसरं टोक ओढत. दीड महिना. म्हणजे मी ओट्यावर जे उभारत होतो ते काका गोठ्यात पाडत होते. "मला वाटलं, हात सुधरायलाय," मावशी म्हणाली. "मी देवाला नारळ बोलले व्हते."

त्या सलामात हातात उरलंसुरलं होतं ते संपलं. आत काहीतरी तुटलं असावं. त्या दिवसानंतर तो हात तसूभरही उठला नाही. काका नोकरीवर हजर झाले. थैली डाव्या खांद्याला लावून ते महिनाभर फिरले. एका ओढ्यात पाय घसरला, सावरायला दुसरा हात नव्हता, टपाल भिजलं. त्यांचं नाव काढून टाकलं. मी अर्जावर अर्ज लिहिले. मावशी खुरपणीला, कापूस वेचायला, मिळेल त्या कामाला जात राहिली, आणि काका दिवसभर ओट्यावर तिची वाट बघत बसत. ती दिसली की उठून आत जात. तिच्या हातातलं खुरपं बघणं त्यांना सोसत नसे. दीड वर्षानं दुसऱ्या बोर्डाचं बोलावणं आलं. मी शिकवणीची गोष्ट काढली तर काका म्हणाले, "या खेपेला काय शिकवतोस? हात आपसूकच मेलाय."

या वेळी डॉक्टर नवे होते, पण समोर कागद जुना होता. काका टेबलापुढं उभे राहिले, खांदा थरथरला, मान वाकली, हात मात्र मांडीला चिकटून राहिला. डॉक्टरांनी सुई टोचली, दंड दाबला, कागद पाहिला. "मागच्या बोर्डापुढं हात कपाळापर्यंत गेला होता असं लिहिलंय. आता जात नाही? सोंग करता काय?" मी दारातून बोलायला गेलो, तर शिपायानं मला मागं ढकललं. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "तेव्हा उचलला होता की नाही?" खोटं बोला, काका, नाही म्हणा, असं मी मनात घोकत होतो. काका म्हणाले, "उचलला व्हता, हुजूर. सरकारी कागदावर लिवलंय, ते खोटं कसं आसंल?" झालं. पहिला निकाल कायम.

बाहेर लिंबाखाली आम्ही दोघं बसलो. वजीफ्याचं एक अक्षर ते बोलले नाहीत. डोळे पुसायला डावा हात वर गेला, तसाच राहिला. मग म्हणाले, "मास्तर, एवढं एक काम कर बाबा. आत जा आन् माझ्या वतीनं सायबाला सलाम करून ये. मी जाताना न्हाई केला, येताना न्हाई केला. काय म्हनत आसतील!" मी उठलो. खरं सांगायचं तर साहेबाच्या तोंडावर चार शब्द फेकावेत याच इराद्यानं उठलो. आत साहेब पुढच्या माणसाचा कागद वाचत होते. तो माणूस एका पायावर उभा होता आणि घाबरलेला होता. मी उजवा हात कपाळापर्यंत नेला. कुणी मान वर केली नाही.

"घेतला का सायबांनी?" काकांनी विचारलं.

"घेतला. मान हलवली," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि बोरीच्या मोटारीची वेळ विचारू लागले.

वजीफा कधीच आला नाही. काका त्यानंतर चार वर्षं जगले आणि मावशी त्या चारही वर्षांत दुसऱ्यांच्या रानात वाकत राहिली. पुढं मी अख्खा जन्म पोरांना खरं बोला म्हणून शिकवण्यात घालवला. लिंबाखाली बोललेल्या त्या खोट्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आमच्या घराण्यातला सगळ्यात सरळ माणूस आत खरं बोलत होता, आणि मी दाराशी उभा राहून त्याला खोटं बोलायची विनवणी करत होतो. आजही त्या दाराशी उभा राहिलो, तर तेच करीन.