डाव्या पायाचा चौथा खिळा

आमच्या सासऱ्यांना कुणी विचारावं, "वस्ताद, अमक्या वर्षी मोठी शर्यत कोणी मारली हो?" तर माणूस घोड्याचं नाव सांगायचा नाही. "ती तांबूस घोडी, उजवा मागचा खूर जरा उभट," असं सांगायचा. समोरच्यानं काय समजायचं ते समजावं! बेचाळीस वर्षं त्यांनी शर्यतीच्या घोड्यांना नाल ठोकले, पण एकाही घोड्याचं तोंड कधी धड बघितलं असेल असं मला वाटत नाही.

सून म्हणून बोलायचं तर माझ्या तक्रारीच फार. जेवायला हाक मारली की अर्ध्या तासानं उगवणार, धुण्याच्या बादलीत खिशातले खिळे सापडणार. पण कामाला बसले की त्यांच्यासारखे तेच. खुराची भिंत ती केवढी, बोटभरसुद्धा जाड नाही. खिळा त्या भिंतीतूनच वर निघायला हवा. जरा आत शिरला की जिवंत मांस. डोळ्याला काही दिसत नाही, ते कानानं ओळखायचं. खिळा बरोबर जात असला की हातोडीचा आवाज टणक येतो, चुकला की बद्द. म्हणून काम चालू असताना ते बोलत नसत आणि कुणाला बोलू देत नसत. एकदा काळ्या नावाच्या घोड्याचे मालक स्वतः आले. "काय वस्ताद, कसं काय?" यांनी मान वर केली नाही. मालक बिचारे चारही पाय होईस्तोवर शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे.

गेल्या वर्षी मोठ्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली. शर्यतीच्या सकाळी वर्तमानपत्राचा एक माणूस तबेल्यात आला. गाजलेल्या शर्यतींवर त्याला लिहायचं होतं आणि कुणीतरी त्याला सांगितलं, वस्तादांना विचारा. झालं! कौतुक कुणाला नको असतं? आमचे बाबा, म्हणजे सासरेच, काळ्याच्या पायाशी नाल ठोकत बसले होते आणि बसल्या बसल्या बोलायला लागले. शेवटच्या वळणावर नाल निखळला तरी तीन नालांवर जिंकलेली घोडी सांगितली. तो नाल शोधायला दोन दिवस बाबा गवतात वाकून फिरले होते. मग धुक्याची शर्यत. मैदान माणसांनी भरलेलं आणि कुणाला हातभर पुढचं दिसत नव्हतं. बाबांनी कठड्याला टेकून नुसत्या टापा ऐकल्या आणि म्हणाले, "पांढऱ्या पायाचा आला." बोर्डावर नंबर लागायला पाच मिनिटं गेली. तोच होता.

दुपारी एकला ते घरी जेवायला आले. त्या दिवशी वेळेवर आले, तेव्हाच मला नवल वाटलं होतं. दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला.

"सूनबाई, डाव्या पुढच्या पायाचा चौथा खिळा मला आठवत नाही."

"म्हणजे? ठोकायचा राहिला?"

"ठोकला. ऐकला नाही. मी तेव्हा धुक्यातली शर्यत सांगत होतो."

आता खरं सांगते, मी काय म्हणाले ते. मी म्हणाले, "बाबा, बेचाळीस वर्षांत कधी चुकला नाहीत, आजच कसे चुकाल? घोडा लंगडतोय का? नाही ना? मग उगाच कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय? जेवा मुकाट्यानं." आज आठवलं की लाज वाटते.

"चालताना कळायचं नाही," ते म्हणाले. "भरधाव सुटल्यावर कळेल. आणि तेव्हा त्याच्या पाठीवर एक माणूस असेल."

हात धुऊन उठलेसुद्धा. आमचे हे गाडी घेऊन कामावर गेलेले. मग काय, माझी स्कूटर. पुढे मी, मागे हत्यारांची पिशवी पोटाशी धरून सासरे. रस्ताभर एकच, "जरा हाण की." एरवी माझ्या मागे बसायला घाबरणारा माणूस हा!

तबेल्यात सईस काळ्याला फिरवत होता. घोडा झकास चालत होता. सगळ्या गावाचा त्याच्यावरच डोळा, आज हाच मारणार म्हणून. ट्रेनरनं बाबांचं ऐकून कपाळावर हात मारला.

"वस्ताद, तासाभरात शर्यत आहे. बघा तरी त्याच्याकडे, नाचतोय नुसता! आता खिळा काढलात, काही निघालं नाही आणि घोडा बिथरला, तर जबाबदार कोण?"

"मी."

"आणि निघालं तर?"

"तरी मीच."

ट्रेनरनं घोड्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. बाबा खाली बसले, काळ्याचा पाय मांडीवर घेतला. पकडीनं खिळा उपसला, उजेडात धरला. टोकाला मोहरीएवढं तांबडं होतं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. काळ्या शर्यतीतून बाद.

लाउडस्पीकरवर सांगितलं तेव्हा मैदानातून जो ओरडा उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. ट्रेनर बाबांकडे न बघताच म्हणाला, "उद्यापासून येऊ नका." बाबांनी हत्यारं एकेक पुसून पिशवीत भरली. घरी येताना मी स्कूटर हळू चालवली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गाजलेल्या शर्यती राहिल्या बाजूला. 'नालबंदाच्या चुकीनं काळ्या बाद', एवढं मोठं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ज्यानं बडबड करायला लावली, त्यानंच असं लिहावं? लाज कशी वाटत नाही मेल्याला!"

"त्यानं विचारलं," बाबा म्हणाले. "बोललो मी."

मग आठ दिवस कुणी बोलावणं पाठवलं नाही. बाकीच्या ट्रेनरांनीसुद्धा नाही. बाबा खिडकीपाशी बसून असत. हाक मारली की लगेच जेवायला येत, आणि तेच मला बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात बारकासा, ताठ माणूस. काळ्यावर जो बसणार होता तो जॉकी. बाबा उठून उभे राहिले.

"माझी चूक झाली," बसायला सांगायच्या आधीच ते म्हणाले.

"हो, चूक तुमचीच," तो म्हणाला. मी स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या बेतात होते, चांगलं सुनवायला. तेवढ्यात तो पुढे बोलला, "वस्ताद, शेवटच्या वळणावर काळ्या सगळा भार डाव्या पायावर टाकतो. आणि मागून तेरा घोडे. आठ रात्री मला झोप नाही. आज मी दोन पायांवर चालत तुमच्या घरी आलोय. म्हटलं, हे तुम्हाला येऊन सांगावं."

मला हुंदका आवरेना. बाबा मात्र तसेच उभे. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही की काय.

"काळ्याचा पाय कसा आहे?" त्यांनी विचारलं. "मला कुणी सांगितलंच नाही."

"जखम भरली. आज सकाळी मीच मैदानावर पळवला त्याला."

तेव्हा कुठे बाबा खुर्चीत बसले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून पोरासारखे रडले.