जोडकांदा
कांद्याचा ताजा, उग्र वास आला की निमोण्यातली ती दुपार आठवते. चुलते कांदाचाळीत साठवायचा कांदा निवडत होते आणि मी शेजारी लॅपटॉपवर एका फार जुन्या, गोलाकार तारकागुच्छातले तारे निवडत होते. एकाच वेळी जन्मलेले ते तारे बहुतेक पिकून लालसर झाले होते. त्यात थोडे निळे, तरुण दिसणारे सापडले, ते मी यादीतून उडवत होते. संध्याकाळी यादी माझ्या मार्गदर्शक सरांना पाठवायची होती. "ही का काढतीस?" चुलत्यांनी विचारलं. "आप्पा, एवढ्या म्हाताऱ्यांत तरणे कुठून येतील? बाहेरचे असणार." त्यांनी बाजूला काढलेल्या ढिगातला थोराड जोडकांदा उचलला आणि पात कापायच्या विळ्यानं चिरला. आत दोन गाभे होते. "एकात दोन असलं की असं दिसतंय. ह्यो बी ह्याच वाफ्यातला हाय. टिकत न्हाई म्हणून काढलाय, परका म्हणून न्हाई." मी त्या निळ्या ताऱ्यांची चाल तपासली. ते गुच्छाबरोबरच चालले होते, म्हणजे त्यातलेच होते; दोन तारे एक होऊन तरुण दिसत असावेत. यादी मी नव्यानं केली. आता माझी एखादी विद्यार्थिनी निळे तारे वगळून यादी आणते, तेव्हा मी तिला घरी जेवायला बोलावते आणि जोडकांदा चिरायला देते.