अकरा खोल्यांचा जानोसा

माझ्या मोठ्या साडूंनी आयुष्यात एकही काम एकट्यासाठी केलेलं नाही. माणूस एकटा येतो आणि एकटा जातो असं सगळे म्हणतात, पण साडूंच्या बाबतीत निदान पहिल्या भागाची मला खात्री नाही. त्यांच्या जन्माच्या दिवशीही म्हणे घरात लग्नाचे पाहुणे उतरलेले होते. माझी सासुरवाडी रनाळ्याची. तिथली थोरली मुलगी लोणखेड्याच्या या केळीवाल्याला दिली आणि धाकटी नंदुरबारच्या एका शाळामास्तराला, म्हणजे मला, एवढ्यावर आमचं नातं उभं आहे. मी वयानं लहान असूनही ते मला 'सर' म्हणतात, आणि माझ्याकडून कामं मात्र चपराशाची करून घेतात. एकदा त्यांना चष्म्याचा नंबर काढायचा होता. शहाद्याला जायचं, म्हणजे त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण 'जाईच ऱ्हायनूत तर' असं म्हणत त्यांनी वाटेत दोन चुलते, एक व्याही, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि बसस्टँडवर भेटलेला एक ओळखीचा गृहस्थ बरोबर घेतला. सगळ्यांचे डोळे तपासून झाले, तिघांना चष्मे लागले, सगळ्यांनी उसाचा रस घेतला, आणि घरी आल्यावर बायकोनं विचारलं तेव्हा साडूंच्या लक्षात आलं की आपले डोळे तपासायचे राहूनच गेले.

गावात कुणाचंही लग्न असो, जानोशाची जबाबदारी साडूंकडे. नवरदेवाकडचं वऱ्हाड जिथे उतरतं तो जानोसा, आणि मुलीच्या बापाची अब्रू मांडवात कमी आणि या जानोशात जास्त जाते, हे त्यांचं ठाम मत. कुणाला पंख्याखाली गादी द्यायची, कुणाला खिडकीशी, कोणत्या मामाशेजारी कोणत्या मामाला मुळीच झोपवायचं नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एका लग्नात नवरदेवाच्या आत्याला उशी मिळाली नाही म्हणून वरात तासभर अडली होती. साडूंनी स्वतःचा फेटा सोडला, त्याची घडी करून त्यावर चादर गुंडाळली आणि बाईंना नेऊन दिली. स्वतः ते बोडक्या डोक्यानं वरातीत फिरले. तेव्हापासून पंचक्रोशीत जानोसा म्हटलं की लोक त्यांचंच नाव घेतात.

अशा माणसानं मे महिन्याच्या सुट्टीत सगळं कुटुंब तोरणमाळला न्यायचं ठरवलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. सगळं कुटुंब म्हणजे चौतीस माणसं. तळ्याजवळ एक नवं रिसॉर्ट झालं होतं, तिथे अकरा खोल्या घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, फोन करा, पाच मिनिटांचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू मुलगी फोनवर बघायला सांगतोय. 'फोनवर कोनी खोली मांगस का सर? तोंड दखाडनं पडस.' मग ते तोंड दाखवायला तीनदा घाट चढून गेले. पहिल्यांदा नुसतं बघायला, दुसऱ्यांदा बघून आलो हे सांगायला, आणि तिसऱ्यांदा नारळ आणि केळीचा अख्खा घड घेऊन खोल्या पक्क्या करायला. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. अकराही खोल्यांमधल्या पलंगांवर ते पाच-पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहिले, नळ सोडून पाहिले, खुंट्या मोजल्या. दोन जावयांच्या खोल्यांच्या खिडक्या त्यांनी टेपनं मापल्या. एक खिडकी सात इंचांनी लहान निघाली, तेव्हा मोठ्या खिडकीचा पडदा सात इंच ओढून तिथे टाचणी मारून ठेवा, अशी त्यांनी काउंटरवरच्या बाईंना विनंती केली. या बाई धडगावकडच्या, पावरा समाजातल्या, बोलायला शांत आणि नियमाला पक्क्या. त्यांनी घड ठेवून घेतला आणि पडद्याचं बघू म्हणाल्या.

त्यानंतर साडूंनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेली यादी त्यांच्या हातात दिली. प्रत्येक खोलीपुढे त्या घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव होतं. ती यादी मी तेव्हा वाचली नाही. वाचली असती तर निघण्याआधीच्या दोन रात्री माझी झोप शाबूत राहिली असती.

इथे मोठ्या वहिनींबद्दल सांगायला हवं. साडूंचे थोरले भाऊ तीन वर्षांपूर्वी गेले, त्यांची ही पत्नी. आईबाप लवकर गेल्यानं साडूंना वहिनींनीच वाढवलेलं. थोरल्या भावासमोर साडू साठी जवळ आली तरी खुर्चीवर बसत नसत. भाऊ गेल्यापासून वहिनी कुठेच गेल्या नव्हत्या. लग्नाकार्यात गेल्याच तर स्वयंपाकघराच्या मागे भाजी निवडत बसायच्या. लोणखेड्याच्या त्यांच्या अंगणातून सातपुडा दिसतो, सकाळी निळा आणि संध्याकाळी जांभळा. पण त्या डोंगरावर काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ दरवर्षी म्हणायचे, केळी कापली की जाऊ. केळी दरवर्षी कापली जायची आणि लगेच पुढची लागण समोर उभी राहायची. आता तोरणमाळचं निघालं तेव्हा वहिनींनी सरळ नाही म्हटलं. 'कोनाबी खोलीमा मी अडगळच शे. तुम्ही जाई या, मी घर सांभाळस.' त्या हे रागानं बोलल्या नाहीत, म्हणून तर ते जास्त लागलं. साडू म्हणाले, 'खोली भाऊनी शे वहिनी. भाऊना नाववर लिखी शे. तुम्ही तुमना घरमा उतरशात.' वहिनी म्हणाल्या, बरं. मला वाटलं, भाऊंच्या नावाची खोली हे नुसतं बोलण्यातलं आहे.

निघायच्या दोन दिवस आधी रिसॉर्टचा मेसेज माझ्या फोनवर आला. साडूंनी माझाच नंबर दिलेला होता, कारण त्यांचा फोन नेहमी दुसऱ्या कुणाकडे तरी चार्जिंगला असतो. खोल्यांची यादी होती, आणि खाली लिहिलं होतं की प्रत्येक खोली ज्यांच्या नावावर आहे त्यांनी आधार कार्ड घेऊन दुपारी दोनच्या आत स्वतः हजर राहावं, नाहीतर गर्दीमुळे खोली प्रतीक्षा यादीतल्या लोकांना दिली जाईल. यादीत पहिल्या खोलीपुढे साडूंच्या दिवंगत भावाचं नाव होतं, नावाआधी 'श्री.' लावून.

मी त्याच संध्याकाळी मोटारसायकल काढून लोणखेडा गाठलं. खरं सांगायचं तर मी चिडलो होतो. मास्तरकी करून करून चुकीची नोंद दिसली की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, अजून वेळ आहे, माझं नाव टाका, तुमच्या मुलाचं टाका, कुणाचंही टाका. ते गोठ्यापाशी खाटेवर बसले होते. 'मंग वहिनी कोनी खोलीमा ऱ्हातीन? तुमनी?' ते म्हणाले. मग त्यांनी मलाच समजावलं, 'लाईटनं बिल आजबी भाऊना नाववर येस. लाईटवालास्नी कधी इचारं का, भाऊ कठे शे?' त्या घरात विहिरीची मोटर, ट्रॅक्टर, लग्नपत्रिकेतलं पहिलं नाव, सगळं अजून भाऊंचंच आहे. नाव काढायचं म्हणजे माणसाला दुसऱ्यांदा स्मशानात पोहोचवून यायचं, आणि एवढं बळ साडूंच्या अंगात नाही, हे मला त्या खाटेवर बसून कळलं. कळलं तरी राग गेला नाही. वहिनींना खरं सांगा, एवढं म्हणून मी उठलो. त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ठरल्या दिवशी दोन गाड्या भरून आम्ही निघालो. साडूंनी गाडीतल्या जागाही मानानं वाटल्या होत्या, त्यात अर्धा तास गेला. म्हसावदला एका व्याह्यांनी बळेच चहाला उतरवलं, तिथे पाऊण तास. मी मागच्या सीटवर घड्याळ बघत होतो. वहिनी पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर एक छोटी कापडी पिशवी, आणि घाट लागल्यावर त्या काचेला कपाळ लावून खाली बघू लागल्या. एका वळणावर त्यांनी मागे वळून विचारलं, 'आपलं गाव कोनतं दिखस अठून?' कुणालाच नीट सांगता येईना. त्या हसल्या. तीन वर्षांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. ही खोली गेली तर ही बाई एक शब्द न बोलता गाडीत येऊन बसणार आणि पुन्हा त्या अंगणातून कधी बाहेर पडणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. आत बाकावर धुळ्याकडचं एक जोडपं दोन पेंगुळलेली लेकरं घेऊन बसलं होतं, खोली रिकामी होण्याची वाट बघत. काउंटरवरच्या बाई एकेक नाव वाचत होत्या, एकेक जण आधार दाखवून किल्ली घेत होता. दहा किल्ल्या गेल्या. मग त्यांनी भाऊंचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. साडू पुढे झाले. कचेरीत बोलायची त्यांची एक वेगळी मराठी आहे, ती काढून ते म्हणाले, 'ते मागून येत आहेत.'

मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. त्यांना खोटं बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि इतकं वाईट खोटं कुणालाच बोलताना ऐकलेलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

'किती वाजेपर्यंत येतील?' बाईंनी विचारलं.

साडूंनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं भाऊंचं आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. बाईंनी ते पाहिलं, साडूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना सगळं समजलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'काका, माणूस समोर लागतो. मी दोनपर्यंत थांबते. त्यानंतर या लोकांना द्यावी लागेल.' धुळ्याच्या जोडप्यातल्या बाईनं मान खाली घातली. तिला तरी काय बोल लावणार, तिच्या मांडीवरचं पोर झोपलं होतं. घड्याळात दोनला दहा कमी होते. साडू काउंटरची कड धरून उभे राहिले. माझी बायको माझ्याकडे बघत होती, तिची बहीण पदर तोंडाला लावून उभी होती, आणि कुणी काही करत नव्हतं.

'काय व्हयनं?' दारातून आवाज आला. वहिनी पायरीवर चपला काढून आत आल्या होत्या. माझ्याच्यानं राहवेना. मी सांगून टाकलं, की खोली भाऊंच्या नावावर आहे आणि त्यांना समोर आणल्याशिवाय मिळत नाही.

वहिनींनी काउंटरवरच्या त्या कार्डाकडे पाहिलं. मग दिराकडे. 'तुमना भाऊ मांगेथून येई ऱ्हायनात, आसं सांगं तुम्ही?'

साडूंनी लहान मुलासारखी मान हलवली.

'त्या काय येतस आते,' वहिनी म्हणाल्या. 'आपलेच जानं शे त्यासना मांगे.' त्यांनी भाऊंचं कार्ड उचललं, पदरानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. त्याच पिशवीतून स्वतःचं कार्ड काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. 'मन्हं नाव लिख बाई.'

'आजी, म्हणजे खोली तुमच्या नावावर करू?'

वहिनींनी कार्ड पुढे सरकवलं. 'मन्हा नाववर आजपावत काहीच नही. ना वावर, ना घर. दोन दिन खोली ऱ्हाऊ दे.'

बाईंनी कार्डावरचं नाव मोठ्यानं वाचत लिहून घेतलं. इतक्या वर्षांत वहिनींचं स्वतःचं नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. आम्हां सगळ्यांना त्या वहिनी, जाऊ, काकू, आजी एवढ्याच ठाऊक होत्या. भाऊंचं नाव त्या नावात मधोमध होतंच. बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. वहिनींनी पेन घट्ट धरून एकेक अक्षर काढलं. मास्तर असूनही मी एकही अक्षर सुधारायला गेलो नाही. किल्ली घ्यायला साडूंनी हात पुढे केला, पण वहिनींनी ती आधीच घेतली होती. त्या एकट्याच व्हरांड्यातून गेल्या, किल्ली दोनदा उलटी फिरवून तिसऱ्यांदा कुलूप उघडलं आणि आत शिरल्या. धुळ्याच्या जोडप्याला नंतर साडूंनी आपलीच खोली देऊन टाकली आणि ते स्वतः बायकामुलांसह जावयांच्या खोल्यांत विखुरले, पण ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं.

संध्याकाळी तळ्यावर वारा सुटला होता. सगळे फिरायला गेले. साडू मात्र व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, 'सर, भाऊनं नाव निंघी गयं.' मीही त्यांच्या शेजारी त्याच खांबाला टेकून उभा राहिलो.

थोड्या वेळानं वहिनींनी खोलीतून हाक मारली, चहा सांगितला आहे म्हणाल्या. साडू दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांनी चपला काढल्या, त्या बाजूला नीट लावून ठेवल्या, आणि उंबरठ्याबाहेरूनच विचारलं, 'येऊ का वहिनी?'

'या ना,' आतून आवाज आला. 'खुर्चीवर बठा.'

ते आत गेले. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते खुर्चीच्या अगदी कडेला, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि वहिनी त्यांना कपात चहा ओतून देत होत्या.