वकीलकाका ‘येतो’ म्हणत नसत

जगात खात्रीचं काही नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ते तंतोतंत पाळणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात एकच, आणि तो रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. वकीलकाकांनी कोर्ट सोडलं, पण कायद्याच्या पुस्तकांतलं लॅटिन सोडलं नाही. दूधवाल्यानं “कल कितना दूँ, भैया?” विचारलं की ते सांगतात, “आधा लिटर, डिओ व्होलेंटे,” म्हणजे देवाची इच्छा असेल तर. मुलीच्या लग्नात अक्षता टाकताना म्हणाले, “आलिया जॅक्टा एस्ट.” फासे पडले, आता इलाज नाही. माझ्या वडिलांच्या साठीला दोन शब्द बोला म्हटलं, तर उभं राहून चार बोलले, “मॉर्स सर्टा, होरा इन्सर्टा.” मरण नक्की, वेळ तेवढी नक्की नाही. मग शांतपणे दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

काकूंचं दुखणं मात्र वेगळंच होतं. आपल्यात घराबाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. काका ते म्हणत नसत. परत येण्याची हमी आपल्या हातात नाही, मग खोटं कशाला बोला? गोल बाजारात गाळणी आणायला निघाले तरी उंबऱ्यावरून “डिओ व्होलेंटे!”

“काहून हो, ‘येतो’ म्हटलं तं जीभ झडते का तुमची?” काकू आतून ओरडत. चाळीस वर्षं हा खटला पडून होता.

मागच्या वर्षी काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. नव्या रायपूरच्या दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, “पक्का कुछ नहीं कह सकते.” हे तर काकांचंच वाक्य, मला वाटलं, आता लॅटिन येणार. आलं नाही. ऑपरेशनच्या दारापाशी स्ट्रेचर थांबलं. काकूंनी मान वळवली.

“येते,” त्या म्हणाल्या.

काकांच्या ओठांवर ‘डिओ’ आलं. जन्मभराचं तत्त्व होतं ते.

“ये,” ते म्हणाले. “मी इथंच बसून राहतो.”

पाच तास ते पाणी प्यायलाही उठले नाहीत.

काकू आल्या. आता काका फाटकापर्यंत पेपर उचलायला गेले तरी मोठ्यानं “येतो!” म्हणतात. आतून काकूंचा, अलीकडे जरा बारीक झालेला आवाज येतो, “डिओ व्होलेंटे!” दोघंही हसतात. भिंतीअलीकडे मीही हसतो, आणि मग हातातलं काम तसंच ठेवून, काका परतल्याची कडी वाजेपर्यंत ऐकत राहतो.