वामनरावांच्या पेटीचं लाल बटण

कुरखेड्यात गुलाम रसूल यांच्या दुकानाला पाटी नव्हती आणि तिची गरजही कधी पडली नाही. बसस्टँडवर उतरून कोणालाही विचारलं, की तो हात लांब करून दाखवायचा. तीस वर्षं हा माणूस एकाच स्टुलावर बसून रेडिओ, टेप, टीव्ही आणि धानगिरणीच्या मोटारी दुरुस्त करत आला होता. हाताला गुण होता, जिभेला मात्र अजिबात नव्हता. "भाऊ, मी काईच केलं नाई, आपोआप बंद पडला," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पुढ्यात ते रेडिओ उघडायचे, आतलं सांडलेलं चहाचं पाणी दाखवायचे आणि विचारायचे, "हा चहा रेडिओनंच पेला का?"

दोन हजार तीन सालच्या त्या मार्च महिन्यात मात्र रसूलभाऊंना बोलायची सोय उरली नव्हती, आणि कारण काय, तर एक बटण.

झालं असं की वनखात्यातून निवृत्त झालेले कारकून वामनराव यांनी गडचिरोलीतलं एक बंद पडलेलं व्हिडिओ गेमचं दुकान गाठलं आणि तिथली माणसाएवढी उंच पेटी विकत घेऊन घरी आणली. नोकरीत असताना संध्याकाळची गाडी येईपर्यंत ते याच पेटीवर विमानं पाडत बसायचे. आता घरी बसून पाडायची होती. पेटीचं आतलं यंत्र जळलेलं होतं, म्हणून नागपूरच्या भाच्याने एका कचेरीतला जुना कॉम्प्युटर आणला, त्याचा पत्र्याचा डबा काढून फेकला आणि उघडं यंत्र प्लायवूडच्या फळीवर ठोकून पेटीत बसवलं. गेम भरून दिले, दांडा आणि बटणं जोडून दिली. एवढं सगळं करून तो नागपूरला निघून गेला. डब्यासोबत चालू करायचं बटणही गेलं होतं. भाचा पेचकसाचं टोक दोन पिनांना टेकवून मशीन सुरू करायचा. वामनरावांची ती छाती नव्हती.

"रसूलभाऊ, नुसतं एक बटण लावून द्या," पेटी बैलगाडीवरून उतरवून घेत ते म्हणाले. "लाल पाहिजे. मोठं. पुढच्या रविवारी संध्याकाळी घेऊन जातो."

"रविवार कशाले पाहिजे? उद्या या," रसूलभाऊ म्हणाले.

वामनराव शहाणे, ते म्हणाले रविवारीच येतो.

आता ही पेटी गुरुवारी आली, आणि दिवस फार वाईट निवडून आली. रसूलभाऊंची लेक अमरीन त्याच सकाळी नागपूरच्या कोर्सचा फॉर्म घेऊन बसली होती. कॉम्प्युटर दुरुस्तीचा एक वर्षाचा कोर्स. राहायला खालाचं, म्हणजे मावशीचं, घर होतं. फॉर्म नागपूरला हातोहात द्यायचा होता आणि शेवटची तारीख होती त्या रविवारनंतरचा सोमवार. बापाची सही हवी होती. बापाला ती द्यायची नव्हती. एकच लेक, तीही घरातून गेली तर घरात बोलायचं कोणाशी, हे त्यांचं खरं दुखणं होतं. पण हे तोंडाने कसं म्हणणार? म्हणून ते कॉम्प्युटरवर घसरले.

"त्याच्यात शिकायचं काय हाय? तार इथी बी तार, तिथी बी तार. माह्यापाशी बस, मी शिकवतो."

"तुमाले कॉम्प्युटर येते का, अब्बा?"

झोंबलं. रसूलभाऊंनी सगळ्यांसमोर पेटीवर थाप मारली. "हे डबडं रविवारपर्यंत चालू करून दाखवतो. झालं चालू, तर तू इथीच शिकायचं, नागपूरचं नाव काढायचं नाई. नाई झालं, तर सोमवारच्या पहिल्या गाडीनं मी सोता तुले नेऊन सोडतो."

अमरीनने आईकडे, साबिराबाईंकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. "कबूल," ती म्हणाली.

शुक्रवारची नमाज आटोपून रसूलभाऊ कामाला बसले. बटण त्यांनी असं तसं लावलं नाही. स्टॅबिलायझरला लावायचा जाड लाल खटका काढला. एकदा दाबला की खट्कन बसणारा आणि पुन्हा दाबेपर्यंत न हलणारा. खटक्याच्या बाबतीत ते फार कडक होते. अर्धवट दाबलेला खटका आत ठिणगी पाडतो आणि घर जाळतो, हे त्यांनी सगळ्या कुरखेड्याला शिकवलं होतं. शिवाय त्या वर्षी लाईट दिवसातून आठ तास जायची, तेव्हा गावात सगळ्यांचे खटके दाबलेलेच असायचे. बल्ब लागला की लाईट आली, एवढं साधं गणित. बटण म्हणजे दाबलेलं राहतं ते, यात शंका घेण्यासारखं काही होतं असं तिथे कोणाच्याच मनात आलं नसतं.

यंत्रासोबत एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. पेटीचा एक पाय आखूड होता, त्याखाली सारून दिली. पेटी हलायची थांबली, पुस्तिकेचा उपयोग झाला.

दोन तारा दोन पिनांना जोडल्या आणि खटका दाबला. पंखा फिरला, पडदा उजळला, इंग्रजी अक्षरं सरसर वर गेली. रसूलभाऊंनी मिशीवरून हात फिरवला, आणि मशीन ठप्प झालं.

पुन्हा दाबलं. एक, दोन, तीन, चार, ठप्प.

"व्होल्टेज नाई," ते म्हणाले आणि स्टॅबिलायझर लावला. एक, दोन, तीन, चार, ठप्प. शनिवारी त्यांनी सगळ्या सांध्यांना नव्याने कथलाचे डाग देऊन घेतले. रविवारी आतल्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. सोमवारी खटका खराब असेल म्हणून दुसरा लावला, तोही तसलाच, त्याहून जाड. मशीन इमानाने चार मोजायचं आणि मान टाकायचं. आणि दुकानात येणारा प्रत्येक जण शहाणा. धानोऱ्याहून मोहफुलांच्या व्यवहारासाठी आलेला बुधू, ज्याच्या घरात रेडिओखेरीज विजेची वस्तू नाही, तोसुद्धा वाकून बघत म्हणाला, "भाऊ, त्याले गरम होऊन राह्यलं असंन."

"तुले होऊन राह्यलं असंन! जाय, बाहेर उभा राय!"

घरात तर विचारूच नका. भाजीत मीठ कमी पडलं तरी ओरडा, जास्त पडलं तरी ओरडा. साबिराबाईंनी तीन दिवस सोसलं आणि चौथ्या दिवशी ताट पुढे सरकवून सरळ सांगितलं, "डब्ब्याचा राग माह्यावर काढू नका. लेकीले पाठवायचं नसंन तर नाई म्हना, हे तमाशे कशाले?" अमरीन खाली मान घालून जेवत होती. ती त्या दिवसांत काही म्हणजे काहीच बोलत नव्हती. बाप पेटीत डोकं घालून बसला की दारातून बघायची आणि आत निघून जायची.

बुधवारी रसूलभाऊंनी फळी उतरवली, चादरीत गुंडाळली आणि मांडीवर घेऊन एसटीने गडचिरोलीला गेले. खड्डा आला की फळी छातीशी धरायचे. तिथल्या कॉम्प्युटरवाल्या पोरसवद्या दुकानदाराने तारा काढून बाजूला ठेवल्या, पेचकसाचं टोक दोन पिनांना जरासं लावलं आणि उचललं. मशीन सुरू झालं. पाच मिनिटं चाललं, अर्धा तास चाललं. "चाचा, काईच बिघाड नाई," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पेचकसाने मशीन चालू करणारा हा कसला कारागीर, असं मनात म्हणत रसूलभाऊ परतले. घरी येऊन फळी बसवली, तारा जोडल्या, खटका दाबला. चार मोजून ठप्प.

त्यांनी हातातला पेचकस भिंतीवर फेकून मारला. मशीन गडचिरोलीत चालतं आणि कुरखेड्यात चालत नाही, म्हणजे मशीनलासुद्धा आता कुरखेडा पुरत नाही! लेकीसारखंच त्याचंही झालं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. तीस वर्षं लोकांच्या चुका काढून खाल्लेल्या माणसाला आपली चूक सापडत नव्हती. आणि ती सापडली नाही, तर लेक जाणार होती.

ठरलेला रविवार उजाडला. अमरीन मैत्रिणीकडे म्हणून सकाळीच बाहेर पडली होती. दुपारी लाईट आली तेव्हा रसूलभाऊ मीटर घेऊन पेटीच्या मागे शिरले आणि साबिराबाईंना पुढे उभं केलं. "मी म्हणलं की खटका दाब. मस्त दाब, अर्धा सोडू नको."

साबिराबाईंना विजेची लहानपणापासून धास्ती. त्यांनी पदर हाताला गुंडाळला, खटका दाबला, पंखा घर्रकन फिरला तशी दचकून दुसऱ्याच क्षणी पुन्हा दाबून टाकला.

"बंद काऊन केलं?" रसूलभाऊ मागून गरजले. "सांगितलं होतं ना दाबून ठेव!"

"बंद केलं ना मी! थेच चालू हाय!"

पेटीमागून रसूलभाऊंचं डोकं वर आलं. खटका बंद होता. मशीन चालू होतं. चार झाले, दहा झाले, शंभर झाले. पडद्यावर विमानं उडायला लागली आणि पेटीतून असलं काही संगीत वाजायला लागलं की साबिराबाईंनी कानावर हात ठेवले.

आनंद व्हायला हवा होता. पण का चालू झालं हे न कळता मशीन चालू होणं म्हणजे रसूलभाऊंना उसनं पांघरूण. त्यांनी पेटी कलती करून पायाखालची पुस्तिका ओढून काढली. इंग्रजी त्यांना अक्षरं लावून लावून यायचं. पण तेवढं लागलंच नाही. मधल्या एका पानावर पिनांचं चित्र होतं आणि बाजूला पेन्सिलीने, बारीक अक्षरात, मराठीत लिहिलेलं होतं: 'बटण दाबून लगेच सोडायचं. चार सेकंद दाबलेलं राहिलं तर मशीन बंद होते.'

अक्षर अमरीनचं होतं.

पुस्तिका शुक्रवारपासून पेटीच्या पायाखाली होती. म्हणजे पोरीने ती गुरुवारीच वाचली होती, पेटी आली त्याच दिवशी. तिला दहा दिवस ठाऊक होतं. बाप स्टॅबिलायझर लावत होता तेव्हा ठाऊक होतं, फळी मांडीवर घेऊन गडचिरोलीला गेला तेव्हाही ठाऊक होतं. रसूलभाऊंची कानशिलं तापली. ही आपली लेक? समोर बसून जेवली आणि एक शब्द बोलली नाही! मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की ती बोलली असती, तर तिचं नागपूर गेलं असतं. आणि ते आपणच तसं बांधून ठेवलं होतं. राग काही कमी झाला नाही, फक्त तो कोणावर काढावा हे कळेना.

त्यांनी मशीन बंद केलं. पुस्तिका होती तिथे सारली. "अमरीनले सांगू नको," ते साबिराबाईंना म्हणाले.

तासाभराने अमरीन आली. ओढणीखालून तिने कागदाची पुडी काढून बापाच्या पुढ्यात ठेवली. आत दारावरच्या घंटीला लावतात तसलं लाल बटण होतं, दाबलं की दबणारं आणि सोडलं की वर येणारं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"अब्बा, हे लावा. चालू होते. मले पहिलेपासूनच मालूम होतं." तिने ओढणीने डोळे पुसले. "तुमी बुधवारी गडचिरोलीहून आले ना, तेव्हापासून मले झोप नाई. नाई जात मी नागपूरले. इथीच शिकतो तुमच्यापाशी."

रसूलभाऊंनी बटण हातात घेतलं, अंगठ्याने दाबून पाहिलं, सोडून पाहिलं. काही बोलणार तेवढ्यात वामनराव दारात उभे. मागे बैलगाडी.

"झालं का, रसूलभाऊ?"

अमरीन पुढे झाली. "हो काका, होऊन राह्यलं, हे बटण—"

"तू चूप बस!" रसूलभाऊ असे खेकसले की बैलानेही मान वळवली. त्यांनी बटण मुठीत आवळलं आणि मूठ पाठीमागे नेली. "नाई झालं, वामनराव. दहा दिवस घातले, गडचिरोली पाहून आलो. माह्याच्यानं नाई होत."

वामनराव बघतच राहिले. रसूलभाऊंच्या तोंडून त्यांनी असलं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. "एक बटण, भाऊ? मग मी पेटी गडचिरोलीले नेतो."

"कुठी न्यायची नाई. मंगळवारी या. चालू भेटंन."

"आज नाई जमत, मंग मंगळवारी कसं जमंन?"

"मंगळवारी जमंन म्हनतो ना!"

वामनराव गाडी फिरवून निघून गेले. जाताना गाडीवानाला काहीतरी सांगून हसले, ते दुकानापर्यंत ऐकू आलं. चार दिवसांत सगळं गाव हसणार होतं. रसूलभाऊ लेकीकडे वळले. ती तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"काय पाहून राह्यली? फॉर्म आन इकडं, कुठी सही पाहिजे थे दाखव. सकाळची गाडी सहाले सुटते, अन् तुहे कपडे अजून दोरीवरच हायेत."